आधीं यादी, मग आज्ञा

देवगड आणि जामसंडे हीं जोडगांवें. दोहोंची नगरपंचायत एक, आणि दोहोंची ख्याति ज्याच्यावर उभी आहे तो हापूसहि एकच. या हापुसाच्या नांवाला बाजारांत किंमत आली, आणि तिच्या पाठोपाठ एक अडचणहि आली. पेटीवर ‘देवगड’ हीं तीन-चार अक्षरें कोणीहि छापूं शकतो. आंतलें फळ कोणत्या कलमाचें, हें अक्षरें सांगत नाहींत. २०१८ सालीं कोंकणांतील हापुसाची भौगोलिक निर्देशांकाखालीं नोंद झाली, तरी पेटीवरचें नांव आणि पेटींतील फळ यांमधील अंतर शिल्लक राहिलेंच. तेव्हां देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेनें २०२५ च्या हंगामापासून एक नवा उपाय योजला: प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाची चिकटपट्टी. नांव अनेकांना घेतां येतें. क्रमांक मात्र एका फळाचा एकच असतो.

नांव आणि ओळख यांतील हाच भेद हल्लीं सुशिक्षितांच्या घरांत एका निराळ्या ठिकाणीं महत्त्वाचा झाला आहे. तें ठिकाण म्हणजे घरचा संगणक आणि त्याला जोडलेल्या साठवणीच्या डिस्क. एका डिस्कवर संगणकाचा सारा कारभार, दुसरीवर घरांतील छायाचित्रें, आणि खिशांत मावेल एवढ्या पेनड्राइव्हवर इकडून तिकडे नेण्याचीं कागदपत्रें, अशी वांटणी पुष्कळ घरांतून असते. संगणक या प्रत्येकीला एक नांव देतो. तें नांव पाहून मनुष्य निर्धास्तपणें हुकूम सोडतो, आणि कधीं कधीं पांच मिनिटांत पंधरा वर्षांचीं छायाचित्रें नाहींशीं होतात. हा अनर्थ टाळण्याचा उपाय अगदीं साधा आहे. कोणतीहि आज्ञा देण्यापूर्वीं संगणकाकडून सर्व डिस्कांची यादी मागवावी, ती नीट चाळावी, आणि ओळख पटल्यावांचून पुढें पाऊल टाकूं नये. ही यादी मागवावी कशी आणि वाचावी कशी, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हें पाहिलें पाहिजे कीं, या डिस्कांवर असतें तरी काय. कोंकणांत कागदाला शत्रु फार. पावसाळ्यांत भिंतींना ओल येते, फडताळांतील छायाचित्रांवर बुरशी चढते, आणि जुन्या दस्तांना वाळवी लागते. म्हणून जामसंडे येथील एखाद्या घरांत आजोबांच्या वेळचीं छायाचित्रें, कलमांच्या बागेचे कागद, मोहोरापासून पेटी रवाना होईपर्यंतचा फवारणीचा व मजुरीचा हिशेब, मुलांचीं प्रगतिपुस्तकें, हें सर्व छायाप्रत काढून संगणकांत ठेवलेलें असतें. गणपतीला मुंबईहून आलेला चाकरमानी मुलगा त्याची आणखी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर करून देतो. इतकी काळजी घेतल्यावर घरचीं माणसें निश्चिंत होतात. पुढें कागद जीर्ण होऊन टाकून दिले जातात. तेव्हांपासून ती डिस्क म्हणजेच घराचें दप्तर.

दुसरी गोष्ट अशी कीं, अशा डिस्कांची हाताळणी करण्याचा प्रसंग आतां वरचेवर येऊं लागला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीला देत असलेली सर्वसाधारण मदत थांबविली. ज्यांच्या संगणकावर पुढची विंडोज ११ चालत नाहीं, असे पुष्कळ लोक धडधाकट यंत्र भंगारांत टाकण्यापेक्षां त्यावर लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली बसविणें पसंत करतात. लिनक्सचे प्रकार अनेक आहेत. पुण्यांत मुख्य ठाणें असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणाली त्यांपैकींच एक. कोणताहि प्रकार घेतला तरी आरंभ एकाच रीतीनें होतो. ती प्रणाली प्रथम पेनड्राइव्हवर उतरवावी लागते, आणि उतरवितांना त्या पेनड्राइव्हवरचें पूर्वींचें सर्व पुसलें जातें. पेनड्राइव्हच्या ऐवजीं नजरचुकीनें छायाचित्रांच्या डिस्कचें नांव दिलें, तर तीच गत त्या डिस्कची होते. संगणकाला त्यांत कांहींच वावगें वाटत नाहीं. त्यानें सांगितलें तेवढें केलें.

आतां ही डिस्क म्हणजे काय वस्तु आहे? १९५६ सालीं अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें ‘रॅमॅक’ नांवाचें यंत्र बाजारांत आणलें. त्याच्या सोबतीला फिरत्या चकत्यांची पहिली साठवण होती. चोवीस इंच व्यासाच्या ५० चकत्या, आकार कपाटाएवढा, आणि सगळ्या मिळून त्यांवर राहणारीं अक्षरें सुमारें ५० लाख. आज १६ गिगाबाइटचा जो पेनड्राइव्ह किल्ल्यांच्या जुडग्यांत अडकवून मिरवितात, त्यांत त्याच्या तीन हजार पटींहून अधिक मजकूर राहतो. आकार बदलला, चकत्या जाऊन पुष्कळ ठिकाणीं नुसत्या इलेक्ट्रॉनिक चिपा आल्या, परंतु मांडणीचें तत्त्व तेंच राहिलें. सारी जागा सारख्या मापाच्या ठोकळ्यांत वांटलेली असते. एका ठोकळ्यांत ५१२ किंवा ४,०९६ बाइट राहतात, आणि प्रत्येक ठोकळ्याला अनुक्रमांक असतो. पानांवर आंकडे घातलेल्या जाडजूड खतावणींत जसें हवें तें पान एकदम उघडतां येतें, तसा हवा तो ठोकळा संगणक एकदम गांठतो. इंग्रजींत ठोकळ्याला ‘ब्लॉक’ म्हणतात, आणि अशा साठवणीच्या साधनाला ‘ब्लॉक डिव्हाइस’. हा शब्द ध्यानांत ठेवला म्हणजे पुढची आज्ञा आपोआप कळते.

चित्रांवर बोट टेकवून काम करावयाची ज्यांना संवय आहे, त्यांना आज्ञा अक्षरांनीं लिहून देण्याची रीत जुनाट वाटते. ती जुनी आहे हें खरेंच. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत युनिक्स ही प्रणाली जन्मास आली. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें तिच्याच वळणावर लिनक्सचा पाया घातला. दोहोंतहि काळ्या चौकटींत एक एक ओळ टंकून आज्ञा देण्याची सोय प्रथमपासून आहे. त्या चौकटीला टर्मिनल म्हणतात. चित्राच्या पडद्यावर जें दाखविणें सोयीचें वाटलें तेवढेंच दिसतें. टर्मिनलांत जें विचारावें त्याचें उत्तर मिळतें. डिस्कांच्या बाबतींत हाच गुण उपयोगी पडतो.

डिस्कांची यादी देणारी लिनक्समधील आज्ञा पांच अक्षरांची आहे: एल, एस, बी, एल, के. पहिलीं दोन अक्षरें ‘लिस्ट’ म्हणजे यादी या शब्दाचीं, उरलेलीं तीन ‘ब्लॉक’ या शब्दाचीं. ‘ठोकळ्यांच्या साधनांची यादी दे’, इतकाच तिचा अर्थ. मिलान ब्रोझ आणि कारेल झाक यांनीं ती रेड हॅट या कंपनीसाठीं लिहिली. २०१० नंतर ती ‘युटिल-लिनक्स’ या साधनसंग्रहांतून लिनक्सच्या बहुतेक सर्व प्रकारांत पोंचली. तिचा मोठा गुण हा कीं, ती कशालाहि हात लावीत नाहीं. संगणकाच्या गाभ्याला ज्या डिस्क ठाऊक आहेत त्यांची माहिती ती वाचते आणि पडद्यावर मांडते. ही आज्ञा दहा वेळां दिली तरी एक अक्षरहि इकडचें तिकडे होत नाहीं. म्हणून ती देण्यास कोणीं भिऊं नये.

आज्ञा दिली कीं ओळी आणि रकाने असलेला एक तक्ता उमटतो. जामसंडे येथील त्याच घरचा संगणक उदाहरणादाखल घेऊं. पहिल्या रकान्यांत नांव असतें. ‘एस-डी-ए’ ही आंतली डिस्क. तिच्या खालीं किंचित् आंत सरकवून ‘एस-डी-ए-१’, ‘एस-डी-ए-२’ असे तिचे विभाग दाखविलेले असतात. एका घराच्या जशा खोल्या, तसे एका डिस्कचे हे विभाग. पुढें ‘एस-डी-बी’ ही छायाचित्रांची बाहेरची डिस्क, आणि शेवटीं ‘एस-डी-सी’ हा पेनड्राइव्ह. आकाराच्या रकान्यांत अनुक्रमें २३८.५, ९३१.५ आणि १४.९ असे आंकडे दिसतात, व प्रत्येकापुढें ‘जी’ हें अक्षर. प्रकाराच्या रकान्यांत अख्खी डिस्क असेल तर ‘डिस्क’ आणि विभाग असेल तर ‘पार्ट’ असें लिहिलेलें असतें. शेवटच्या रकान्यांत तो विभाग सध्यां कोठें जोडला आहे तें कळतें. ज्या विभागापुढें नुसती एक तिरपी रेघ दिसेल, त्यावरच संगणक या क्षणीं चालला आहे असें समजावें. त्या डिस्कला धक्का लावणें म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणें होय.

आकाराच्या आंकड्यांनीं नवखा मनुष्य गोंधळतो. दुकानांतून एक टेराबाइटची म्हणून आणलेली डिस्क ९३१.५ कशी? यांत कोणीं फसविलेलें नाहीं. कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतो, तर ही आज्ञा १,०२४ च्या पटीनें. शेर आणि किलो यांनीं तोललेला तांदूळ तोच असला तरी आंकडा निराळा यावा, तसा हा प्रकार. त्याच न्यायानें २५६ ची डिस्क २३८.५ दिसते आणि १६ चा पेनड्राइव्ह १४.९ च्या आसपास. हा हिशेब एकदां समजला म्हणजे आकार हीच ओळखीची पहिली खूण ठरते. कारण घरांतील दोन डिस्क नेमक्या एकाच मापाच्या क्वचित् असतात.

आतां मुख्य मुद्दा. ‘एस-डी-ए’, ‘एस-डी-बी’, ‘एस-डी-सी’ हीं नांवें डिस्कवर कोठेंहि कोरलेलीं नसतात. संगणक सुरू होतांना जी डिस्क प्रथम सांपडली ती ‘ए’, नंतरची ‘बी’, तिच्या मागची ‘सी’. पंगतींत जो आधीं येऊन बसेल त्याचा पहिला पाट, तशी ही व्यवस्था. आज दुसऱ्या पाटावर बसलेला उद्यां तिसऱ्यावर बसूं शकतो. वरील घरांत आदल्या दिवशीं कोणी वहींत टिपून ठेवलें कीं, पेनड्राइव्ह म्हणजे ‘एस-डी-सी’. रात्रीं वीज गेली, संगणक बंद पडला. सकाळीं दोन्ही साधनें लावलेलीं असतांनाच तो सुरू केला, आणि या खेपेस पेनड्राइव्ह आधीं सांपडला. तो झाला ‘एस-डी-बी’, आणि छायाचित्रांची डिस्क झाली ‘एस-डी-सी’. वहींतील टीप तशीच आहे. टिपेवर विसंबून आज्ञा दिली कीं लिनक्स उतरतें तें आजोबांच्या छायाचित्रांवर. येथें यंत्र बिघडलें नाहीं, आणि आज्ञेंतील एक अक्षरहि चुकलें नाहीं. चुकली ती एकच समजूत, कीं नांव म्हणजे ओळख.

मग खरी ओळख कोणती? ती सांगणारे रकाने याच आज्ञेच्या पोटांत आहेत. मागावे तेव्हां ते दिसतात. आज्ञेच्या पुढें एक जागा सोडून आडवी रेघ व लहान ‘ओ’ हें अक्षर टंकावें, आणि मग हव्या त्या रकान्यांचीं नांवें स्वल्पविरामांनीं जोडून द्यावींत: नेम, साइझ, टाइप, ट्रान, मॉडेल, सीरियल, माउंटपॉइंट. ‘मॉडेल’ म्हणजे कारखानदारानें दिलेलें नमुन्याचें नांव. ‘सीरियल’ म्हणजे त्या एका नगाचा क्रमांक. आंब्यावरच्या चिकटपट्टीशीं याचें साम्य जवळचें आहे. ‘ट्रान’ म्हणजे डिस्क कोणत्या वाटेनें जोडली आहे तें; बाहेरून यू-एस-बीच्या तारेनें जोडलेली असेल तर तेथें तसें लिहून येतें. अक्षरांच्या बाबतींत एक सावधगिरी ठेवावी. लहान ‘ओ’ आणि मोठा ‘ओ’ यांचे अर्थ भिन्न आहेत. मोठ्या ‘ओ’नें झाडून सगळे रकाने उमटतात आणि पडदा ओसंडून जातो.

कांहीं जण ‘आर-एम’ या रकान्यावर भिस्त ठेवतात. काढतां येण्याजोगें साधन असेल तर त्यांत एक, नसेल तर शून्य, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ आहे. पेनड्राइव्हपुढें बहुधा एक येतो; परंतु बाहेरच्या मोठ्या हार्ड डिस्कपुढें, ती तारेनें लोंबकळत असली तरी, पुष्कळदां शून्यच येतें. तेव्हां शून्य पाहून ‘ही आंतलीच’ असा निष्कर्ष काढूं नये. ‘ट्रान’ हा रकाना या बाबतींत अधिक विश्वासू आहे. आडवी रेघ व ‘एफ’ हें अक्षर दिलें तर प्रत्येक विभागाची यू-यू-आय-डी नांवाची लांबलचक खूण दिसते. विभाग आंखून तयार करतांना ती त्यावर लिहिली जाते, आणि संगणक कितीहि वेळां बंद-चालू केला तरी बदलत नाहीं. मात्र एका डिस्कची ठोकळ्याला ठोकळा अशी हुबेहुब नक्कल केली, तर ही खूणहि नकलेंत उतरते. तसेंच कांहीं बाहेरच्या डिस्क आपला क्रमांक न सांगतां आपल्या वेष्टणाचा सांगतात. म्हणून एका खुणेवर न थांबतां आकार, नमुना आणि क्रमांक अशा दोन-तीन खुणा एकत्र जुळवाव्या. न्यायालयांत एका साक्षीपेक्षां तीन साक्षी बऱ्या.

यादी मोठी झाली कीं ती चाळण्याची गरज भासते. उबुंटूसारख्या प्रणालींत ‘लूप’ नांवाच्या दहा-पंधरा ओळी आढळतात. त्या खऱ्या डिस्क नसून फाईलींनाच डिस्कचें रूप दिलेलें असतें. त्यांचा मुख्य क्रमांक सात. म्हणून आज्ञेपुढें आडवी रेघ, ‘ई’ आणि सात असें लिहिलें कीं त्या ओळी गळून पडतात. नुसत्या डिस्क पाहावयाच्या, विभाग नकोत, तर आडवी रेघ व ‘डी’. आकाराच्या क्रमानें हव्या असतील तर आडवी रेघ, ‘एक्स’ आणि ‘साइझ’. २०२४ सालच्या २.४० या आवृत्तीपासून ‘फिल्टर’ नांवाची सोयहि आली आहे; जोडणी यू-एस-बीची असेल तेवढ्याच ओळी दाखव, अशी अट तींत स्पष्ट शब्दांत घालतां येते. त्यापूर्वीं आणि आजहि पुष्कळ लोक जी युक्ति वापरतात ती युनिक्सइतकीच मुरलेली आहे. डग्लस मॅक्इल्रॉय यांच्या सूचनेवरून १९७३ सालीं केन टॉम्प्सन यांनीं युनिक्समध्यें ‘पाइप’ आणला. एका आज्ञेचें उत्तर दुसरीच्या तोंडांत ओतणारी ही नळी. एका उभ्या रेघेनें ती लिहितात. तिच्या पलीकडे ‘ग्रेप’ ही आज्ञा बसवून एखादा शब्द दिला, कीं तो शब्द असलेल्या ओळी तेवढ्या राहतात, बाकीच्या गळतात.

परंतु चाळणी जितकी उपयोगी तितकीच फसवी. आंब्यांच्या राशींतून अडीचशें ग्रॅमच्या वरचीं फळें वेगळीं काढलीं म्हणजे उरलेलीं सर्व नासकीं ठरत नाहींत. आणि निवडलेलीं सर्व गोड असतात असेंहि नाहीं. वजनाच्या चाळणीला गोडी कळत नाहीं. तसेंच येथें. ‘यू-एस-बी’ या शब्दानें यादी गाळली तर डिस्कची मुख्य ओळ राहते, पण तिच्या विभागांच्या ओळी गळतात. कारण जोडणीचा शब्द बहुधा मुख्य ओळींतच असतो. आणि कोणता विभाग सध्यां कोठें जोडला आहे, हें तर विभागाच्याच ओळींत लिहिलेलें असतें. म्हणजे ही डिस्क वापरांत आहे हा इशारा जेथें होता, नेमकी तीच ओळ चाळणीनें फेंकून दिली. रकान्यांचीं शीर्षकें असलेली पहिली ओळहि तिच्याबरोबर जाते. म्हणून नियम असा करावा: प्रथम अख्खी यादी डोळ्यांखालून घालावी, मग चाळावी, आणि निवड झाल्यावर त्या एका डिस्कची पूर्ण नोंद, तिच्या विभागांसह, पुन्हां एकदां पाहावी.

ज्या घरीं लिनक्स नाहीं त्यांनाहि हा विचार लागू आहे. विंडोजमध्यें ‘डी’, ‘ई’, ‘एफ’ अशीं जीं अक्षरें दिसतात, तीहि येण्याच्या क्रमानें बदलूं शकतात. तेथें पॉवरशेल ही आज्ञांची चौकट उघडून ‘गेट-डिस्क’ असें लिहिलें कीं प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक, नमुना, नगाचा क्रमांक आणि एकूण आकार यांचा तक्ता येतो. अनुक्रमांक शून्यापासून सुरू होतात, आणि तेहि पंगतींतले पाटच आहेत. ॲपलच्या मॅक संगणकावर ‘डिस्कयुटिल लिस्ट’ ही आज्ञा तेंच काम करते. तिच्यापुढें ‘एक्स्टर्नल’ हा शब्द जोडला तर बाहेरच्याच डिस्क दिसतात. तीन प्रणाली, तीन आज्ञा. वाचण्याची दृष्टि मात्र एकच.

आतां प्रत्यक्ष कामाचा क्रम. पेनड्राइव्हवर कांहींहि उतरवावयाचें असेल तेव्हां ज्या डिस्कांची त्या वेळीं गरज नाहीं त्या सर्व रीतसर सोडवून बाजूस काढाव्या. जी डिस्क लावलेलीच नाहीं ती पुसली जाण्याचें भय नाहीं. सर्व उपायांत हा उपाय श्रेष्ठ. नंतर पेनड्राइव्ह न लावतां एकदां यादी मागवावी. मग पेनड्राइव्ह लावून दुसऱ्यांदा मागवावी. दुसऱ्या यादींत जी ओळ नव्यानें आली तोच पेनड्राइव्ह. तिचा आकार, नमुना आणि जोडणी हातांतल्या वस्तूशीं जुळते कीं नाहीं तें पाहावें. तेथून पुढें संगणक बंद करूं नये आणि तार हलवूं नये. हललीच तर यादी पुन्हां पहिल्यापासून. शेवटची आज्ञा टंकून झाल्यावर, कळ दाबण्याच्या आधीं, घरांतील दुसऱ्या कोणाकडून ती मोठ्यानें वाचवून घ्यावी. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाहीं, हा अनुभव वहीचा तसाच संगणकाचा. लिनक्समधील ‘डी-डी’ ही नक्कल उतरविणारी आज्ञा तर ‘खरोखरच पुसूं काय?’ असा प्रश्नहि विचारीत नाहीं. कळ दाबली कीं ती लिहूं लागते.

इतकें करूनहि चूक झालीच, तर पहिली गोष्ट थांबणें. आज्ञा तेथेंच तोडावी, डिस्क सोडवावी, आणि तीवर आणखी एक अक्षरहि लिहूं नये. घाईघाईनें पुसलेल्या डिस्कवर पुष्कळदां फक्त अनुक्रमणिका गेलेली असते. पानें शिल्लक असतात, आणि जाणकाराला तीं परत वाचतां येतात. परंतु ज्या ठोकळ्यांवर नवें लिहिलें गेलें, तेथला जुना मजकूर परत येत नाहीं. चिपांच्या नव्या डिस्कांत तर पुसलेली जागा यंत्र स्वतःच मोकळी करून टाकतें, म्हणून तेथें आशा आणखी कमी. स्वतः प्रयोग करीत बसण्यापेक्षां ती डिस्क तशीच जाणत्याच्या हातीं देणें शहाणपणाचें.

यावरून हेंहि लक्षांत येईल कीं, एकाच डिस्कवर घराचें दप्तर सोंपवून देणें बरें नव्हे. छायाचित्रांची आणि दस्तांची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर असावी, आणि ती डिस्क शक्य तर दुसऱ्या घरीं, निदान दुसऱ्या खोलींत असावी. एकाच टेबलावर ठेवलेल्या दोन प्रतींना वीज आणि पाणी हीं एकदमच गांठतात. वर्षांतून एकदां दोन्ही उघडून पाहाव्या. न उघडलेल्या प्रतीचा भरंवसा धरतां येत नाहीं.

शेवटीं एक काम आजच करून ठेवण्यासारखें आहे, आणि त्याला संगणकाचें विशेष ज्ञान लागत नाहीं. घरांतील प्रत्येक डिस्क एकेक करून लावावी, यादींतून तिचा आकार आणि क्रमांकाचीं शेवटचीं चार अक्षरें उतरून घ्यावीं, आणि कागदाच्या लहानशा पट्टीवर लिहून ती पट्टी डिस्कच्या पाठीवर चिकटवावी. खालीं एका ओळींत आंत काय आहे तेंहि लिहावें: ‘जुनीं छायाचित्रें’, ‘बागेचा हिशेब’, ‘प्रत दुसरी’. ‘एस-डी-बी’ असें मात्र त्या पट्टीवर लिहूं नये. पुढें केव्हां तरी घरांतला नातू नवी प्रणाली बसविण्यासाठीं हौसेनें बसेल, तेव्हां पडद्यावरचीं चार अक्षरें आणि पट्टीवरचीं चार अक्षरें त्याला ताडून पाहतां येतील. जुळलीं नाहींत तर तो हात आवरील, आणि ज्या पणज्याला त्यानें कधीं पाहिलेंहि नाहीं त्याचें एकुलतें एक छायाचित्र घरांत राहील.